चार्ली कुन्झ यांच्या पियानो-मेडली आणि त्यांची सूची

अमेरिकेत 1896 साली जन्मलेले आणि पुढे इंग्लंडमध्ये स्थायिक झालेले पियानोवादक चार्ली कुन्झ यांनी 1930च्या दशकापासून लोकप्रिय गीतांच्या मेडली, म्हणजे अनेक चालींचे मुखडे न थांबता एकामागून एक गुंफलेले वादन, मोठ्या संख्येने ध्वनिमुद्रित केल्या. मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटांचे संगीत मावत असल्याने प्रत्येक चाल थोडक्यातच आटोपावी लागे, आणि तरीही त्यांचा संयत, स्वच्छ स्पर्श लगेच ओळखू येतो.

या तबकड्यांची सूची करणे मात्र चिकाटीचे काम आहे. अनेकींवर स्वतंत्र शीर्षक नसून ‘पियानो मेडली’ आणि क्रमांक एवढेच असते. त्यामुळे कंपनीचा विक्रीक्रमांक, लेबलवरील प्रत्येक गीत व त्याचा संगीतकार, तसेच लेबलभोवतीच्या कोऱ्या पट्ट्यात कोरलेला मॅट्रिक्स क्रमांक, म्हणजे मूळ ध्वनिमुद्रणाची ओळखखूण, हे सारे नोंदवल्याखेरीज नोंद विश्वसनीय ठरत नाही. गीतनिहाय सूची जोडली, तर त्या काळी लोकांच्या ओठांवर काय होते, याचा मौल्यवान पुरावा हाती येतो.

लाख आणि दगडाची भुकटी यांच्या मिश्रणातून घडलेल्या या तबकड्या ठिसूळ असतात. अल्कोहोलने लाख विरघळत असल्याने त्या अल्कोहोलयुक्त द्रावणाने पुसू नयेत, आणि एकमेकींवर न रचता उभ्या ठेवाव्यात. दुसऱ्या महायुद्धात लाखेच्या टंचाईमुळे ब्रिटनमध्ये जुन्या तबकड्या परत घेऊन पुन्हा वितळवल्या जात, म्हणून उरलेल्या प्रत्येक प्रतीची नोंद होणे अगत्याचे आहे.