‘रेबेल्लारे’ : हरलेल्यांचे पुन्हा युद्ध

निवडणुकीत तिकीट नाकारलेला उमेदवार उभा राहिला की आपण त्याला ‘रिबेल’ म्हणतो. हा इंग्रजी शब्द फ्रेंच भाषेतून आला, आणि फ्रेंचमध्ये तो लॅटिनमधून. त्याचे मूळ प्राचीन रोमच्या रणांगणावर सापडते.

लॅटिनमध्ये ‘बेल्लुम’ म्हणजे युद्ध, ‘बेल्लारे’ म्हणजे युद्ध करणे. त्याला ‘पुन्हा’ या अर्थाचा ‘रे’ हा उपसर्ग लागून ‘रेबेल्लारे’ हे क्रियापद झाले. रोमन लेखक ते जिंकलेल्या लोकांबद्दल वापरीत. एकदा शरण आलेल्यांनी पुन्हा शस्त्र उचलले, की ते ‘रेबेल्लारे’.

याचे एक उदाहरण पाहू. आजच्या फ्रान्सच्या ब्रिटनी किनाऱ्यावर व्हेनेती नावाचे दर्यावर्दी लोक राहत. इ.स.पूर्व 57 मध्ये ते रोमला शरण आले आणि त्यांनी आपली माणसे ओलीस दिली. पुढे रोमन सैन्यासाठी धान्य मागायला अधिकारी आले, तेव्हा व्हेनेतींनी त्यांनाच अडकवून ठेवले आणि आपले ओलीस परत मागितले. इ.स.पूर्व 56 मध्ये जूलियस सीझरने समुद्रावर त्यांचा पराभव केला, त्यांच्या सभेतील सर्वांना ठार मारले आणि उरलेल्यांना गुलाम म्हणून विकले.

सीझरने आपल्या ग्रंथात या मोहिमेची कारणे दिली आहेत. शरणागतीनंतरचे बंड हे त्यातले एक. यांना मोकळे सोडले तर इतरही तेच करतील, ही दुसरी भीती. आणि तिथेच तो मान्य करतो की, स्वातंत्र्याची ओढ आणि गुलामीचा तिटकारा सर्वच माणसांना स्वभावतः असतो!

वाचकहो, आम्हाला हे फार महत्त्वाचे वाटते. जेत्याच्या दृष्टीने शरणागतीबरोबर युद्ध संपले. पुढचा प्रतिकार हा गुन्हा. परंतु ‘रे’ हे एवढेसे अक्षर त्याच्याविरुद्ध साक्ष देते. पुन्हा लढले, म्हणजे आधीही लढले होते. गुलामी त्यांनी मनाने कधीच स्वीकारली नव्हती.

आपल्या ‘विद्रोह’ शब्दातही ‘द्रोह’ आहे, म्हणजे सत्तेने केलेला आरोप आहे. तोच शब्द विद्रोही साहित्याने अभिमानाने कपाळी लावला. म्हणून कुणाला बंडखोर म्हटलेले ऐकू आले, की आधी विचारावे : हे नाव ठेवले कोणी?