अडीच वॅटची कांडी

अंगठ्याएवढी कांडी. एका टोकाला यूएसबी, मधे एकच चिप आणि उष्णता बाहेर टाकायला पाठीशी ॲल्युमिनियमचा पत्रा. नाव ब्लॉक इरप्टर, काम बिटकॉइनचं मायनिंग, म्हणजे आकडेमोडीच्या शर्यतीतून नवे बिटकॉइन मिळवणं. २०१३ साली ॲसिकमायनर या चिनी कंपनीने ती बाजारात आणली, तेव्हा एकेका कांडीला लोकांनी सुमारे दोन बिटकॉइन मोजले होते. आज ती जुन्या सामानात मिळते.

खकनारला, बुऱ्हाणपूर जिल्ह्यातल्या आमच्या या तालुक्याच्या गावी, ती माझ्या टेबलावर आली भाच्यामुळे. त्याच्या मोबाइलवर कुणीतरी निरोप धाडला होता: मायनिंगमध्ये पैसे लावा आणि दरमहा ठरलेलं उत्पन्न घ्या. "मामा, असं खरंच असतं का?" त्याने विचारलं. कापूस आणि केळीच्या या मुलखात ठरलेलं उत्पन्न हे शब्द कुणालाही मोहात पाडतील. तोंडी उत्तर देण्यापेक्षा मायनिंग त्याच्याच हातून करून घ्यावं, असं मी ठरवलं.

सुरुवात विजेपासून करावी लागते. लॅपटॉपचं साधं यूएसबी २ पोर्ट पाच व्होल्टवर ५०० मिलिॲम्पिअर देतं, म्हणजे अडीच वॅट. कांडीची भूकही तेवढीच, म्हणजे एका पोर्टवर एक कांडी जेमतेम चालते. पोर्ट वाढवायला नुसता हब लावला, तर दुसरी कांडी लावताच दोन्ही अडखळतात, कारण सगळी वीज त्या एकाच पोर्टातून ओढली जाते. म्हणून स्वतःचा अडॅप्टर असलेला हब हवा, आणि तो घेताना भोकं न मोजता अडॅप्टरवरची बारीक अक्षरं वाचावीत. पाच व्होल्ट, दोन ॲम्पिअर लिहिलं असेल, तर हबला दहा पोर्ट असले तरी तो चारच कांड्या पोसू शकतो.

मग उष्णता. चिप सतत चालते, पत्रा हाताला चटका देतो. निमाडच्या उन्हाळ्यात खोलीच तापलेली असते, तेव्हा हबसमोर छोटा पंखा ठेवावाच लागतो.

खरी खिंड पुढे आहे, ड्रायव्हरची. कांडीत सीपी २१०२ नावाची दुभाषी चिप असते. तिच्यामुळे संगणकाला ही कांडी जुन्या पद्धतीचं सीरियल पोर्ट वाटते. मायनिंगचे दोन प्रोग्रॅम जाणकारांत प्रसिद्ध आहेत. सीजीमायनर लिहिला कॉन कोलिवास यांनी. ते पेशाने ऑस्ट्रेलियातले भूलतज्ज्ञ. बीएफजीमायनर ल्यूक डॅशज्युनियर यांचा. दोन्ही प्रोग्रॅमच्या गरजा एकमेकांच्या उलट आहेत. बीएफजीमायनरला ते सीरियल पोर्ट हवं असतं. सीजीमायनर थेट यूएसबीशी बोलतो, म्हणून विंडोजवर झाडिग नावाच्या छोट्या साधनाने मूळ ड्रायव्हर काढून विनयूएसबी बसवावा लागतो. तो बसला की सीरियल पोर्ट यादीतून नाहीसं होतं आणि बीएफजीमायनरला कांडी दिसेनाशी होते. बरेच जण इथे गोंधळतात आणि कांडीच खराब समजतात. तेव्हा प्रोग्रॅम आधी ठरवावा, ड्रायव्हर त्यानुसार बसवावा. झाडिगच्या यादीत माउस आणि कीबोर्डही असतात. त्यांच्यावर चुकून विनयूएसबी बसला तर ते बंद पडतात, म्हणून मी भाच्याला प्रत्येक ओळ मोठ्याने वाचायला लावली.

अँटिव्हायरस या प्रोग्रॅमना हमखास अडवतो. त्याला कारण आहे. दुसऱ्यांच्या संगणकांवर चोरून मायनिंग करणाऱ्यांनी हेच प्रोग्रॅम वापरले आहेत. म्हणून प्रोग्रॅम मूळ लेखकाच्या जागेवरूनच उतरवावा आणि अँटिव्हायरसमध्ये फक्त त्या एका फोल्डरला सूट द्यावी. सगळं संरक्षण बंद करून काम उरकणं म्हणजे घर उघडं टाकणं.

मांडणीची फाइल त्यामानाने सोपी. तिला तीन गोष्टी लागतात: पूलचा, म्हणजे अनेकांच्या यंत्रांना काम वाटणाऱ्या सर्व्हरचा, पत्ता, वापरणाऱ्याचं नाव आणि पासवर्ड. पत्त्याच्या सुरुवातीला स्ट्रॅटम लिहितात. मायनर आणि पूल ज्या नियमांनी बोलतात त्यांचं ते नाव. सोलो पूलमध्ये, म्हणजे जिथे बक्षीस वाटून न घेता सापडेल त्याचं असतं तिथे, नावाच्या जागी आपला बिटकॉइनचा पत्ता टाकायचा. पासवर्डला बहुतेक ठिकाणी एक्स हे अक्षर चालतं, कारण तिथे चोरण्यासारखं काही नसतं. पैसे येण्यासाठी पत्ता पुरतो. वॉलेटचे बारा किंवा चोवीस गुप्त शब्द मायनिंगला कधीच लागत नाहीत. जो ते मागेल तो चोर, हे भाच्याने वहीत लिहून घेतलं.

प्रोग्रॅम सुरू झाला आणि काळ्या पडद्यावर वेग दिसला: सेकंदाला सुमारे ३३३ मेगाहॅश. म्हणजे दर सेकंदाला ३३ कोटींवर प्रयत्न. प्रयत्न कसला? पूलने पाठवलेल्या माहितीतून प्रोग्रॅम कांडीसाठी ८० बाइटचा एक मथळा तयार करतो. त्यात मागच्या ब्लॉकची, म्हणजे व्यवहारांच्या आधीच्या गठ्ठ्याची, खूण, नव्या व्यवहारांचा गोषवारा, वेळ आणि नॉन्स नावाची मोकळी संख्या असते. कांडी नॉन्स बदलते, मथळा एसएचए २५६ या गणिती चरकातून दोनदा काढते आणि आलेली संख्या ठरलेल्या मर्यादेपेक्षा लहान आहे का, ते पाहते. असेल तर ब्लॉक सापडला, नसेल तर पुढचा नॉन्स. नॉन्सच्या शक्यता ४२९ कोटी ४९ लाख ६७ हजार २९६. कांडी त्या सगळ्या तेरा सेकंदांत संपवते आणि नवं काम मागते. उत्तर कुठे दडलंय याचा कसलाही माग नसतो. आकड्यांचं कुलूप चाचपडत उघडावं, तसंच हे चालतं. फक्त इथे मागचे फसलेले प्रयत्न पुढच्याला मदत करत नाहीत.

पडद्यावर तीन अक्षरखुणा सारख्या हलतात. ए म्हणजे पूलने स्वतःच्या सोप्या मर्यादेनुसार स्वीकारलेलं काम, आर म्हणजे नाकारलेलं, एचडब्ल्यू म्हणजे चिपने चुकीचं केलेलं. एचडब्ल्यूचा आकडा चढू लागला की समजावं, वीज कमी पडतेय किंवा चिप तापलीय. आम्ही पंखा जवळ सरकवला आणि तो आकडा थांबला. एवढ्यावर भाच्याचा चेहरा खुलला. न दिसणारी गोष्ट पहिल्यांदाच त्याच्या हाताला लागली होती.

मग कागद घेऊन हिशेबाला बसलो. २०२५ मध्ये जगभरच्या बिटकॉइन यंत्रांचा एकत्रित वेग सेकंदाला एक झेटाहॅशच्या आसपास पोचला. एकावर एकवीस शून्यं. दर दहा मिनिटांना एक ब्लॉक, म्हणजे वर्षाला साडेबावन्न हजार. एप्रिल २०२४ पासून प्रत्येक ब्लॉकचं बक्षीस ३.१२५ बिटकॉइन. त्यात आमच्या कांडीचा वाटा काढला, तर एकटीने ब्लॉक सापडायला सरासरी साडेपाच कोटींहून जास्त वर्षं लागतील. पूलमध्ये वाटून घेतलं आणि बिटकॉइन एक कोटी रुपयांना धरला, तरी वर्षाची कमाई सुमारे ५५ पैसे. त्यासाठी कांडी वर्षाला २२ युनिट वीज खाते, लॅपटॉपची वेगळी.

"मग मोठं यंत्र घेतलं तर?" भाच्याचा रास्त प्रश्न. अँटमायनर एस २१ सेकंदाला २०० टेराहॅश करतं. तेवढ्या वेगाला आमच्यासारख्या सहा लाख कांड्या लागतील आणि त्या १,५०० किलोवॅट ओढतील. ते यंत्र साडेतीन किलोवॅटमध्ये भागवतं. पण तेही वर्षाला तीस हजारांवर युनिट खातं. शिवाय दर २,०१६ ब्लॉकांनी, म्हणजे साधारण दोन आठवड्यांनी, अवघडपणा, म्हणजे ती मर्यादा किती लहान, हे नव्याने ठरतं. जगात यंत्रं वाढली की तुमचा वाटा घटतो. दर सुमारे चार वर्षांनी बक्षीस निम्मं होतं. भाव रोज हलतो. वर १ एप्रिल २०२२ पासून भारतात बिटकॉइनच्या हस्तांतरातून होणाऱ्या उत्पन्नावर ३० टक्के कर आहे, आणि मायनिंगच्या यंत्रणेवरचा खर्च त्यातून वजा मिळत नाही, हे सरकारने संसदेत सांगितलं आहे.

त्याच्या मोबाइलवरच्या निरोपाचं उत्तर इथे मिळालं. अवघडपणा, बक्षीस आणि भाव यांतलं काहीच कुणा एकाच्या हातात नाही, तर दरमहा ठरलेलं उत्पन्न कोण देणार? भारतातल्या गेनबिटकॉइन नावाच्या योजनेत नेमकं हेच वचन होतं: बिटकॉइन द्या, मायनिंगमधून महिन्याला १० टक्के घ्या. सक्तवसुली संचालनालयाच्या म्हणण्याप्रमाणे त्यात २०१७ मध्येच ६,६०० कोटी रुपयांच्या मोलाचे बिटकॉइन गोळा झाले. पुणे पोलिसांनी मुख्य आरोपी अमित भारद्वाजला २०१८ मध्ये पकडलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये सीबीआयने देशभर छापे घातले, त्यांत पुणे, नांदेड आणि कोल्हापूरही होतं.

त्या वचनावर विश्वास ठेवणाऱ्यांना मी मूर्ख म्हणणार नाही. त्यांना हे यंत्र कुणी उघडून दाखवलं नव्हतं. म्हणून मला वाटतं, आपल्या शाळा-कॉलेजांच्या संगणक खोलीत अशी एखादी कांडी असावी. तिने कमाई होणार नाही. पण ती जोडलेला मुलगा किंवा मुलगी मायनिंग विकायला आलेल्या माणसाला तीन प्रश्न विचारेल: यंत्राचा वेग किती, ते वॅट किती खातं आणि आज जगाचा एकूण वेग किती? या तीन आकड्यांवर गुणाकार-भागाकार करणं आठवीतल्या मुलालाही जमतं. विकणारा त्या गणितापाशी थांबायला तयार नसेल, तर व्यवहार तिथेच संपवावा.