निकाल वाढला म्हणजे शिकवणं सुधारलं?

निकाल लागले की लातूर-नांदेडात फलक झळकतात आणि तेच वाक्य पुन्हा ऐकू येतं: शाळेचा निकाल वाढला, म्हणजे शिकवणं सुधारलं. शिक्षण विभागाच्या बैठकीतही कोणी असं म्हणावं, याची चीड येते. नांदेडकरांनी तर २०१० विसरू नये. तेव्हाचे जिल्हाधिकारी श्रीकर परदेशी यांनी कॉपीमुक्त परीक्षांची मोहीम राबवली आणि जिल्ह्याचा निकाल घसरला. शिक्षक काय एका वर्षात शिकवायचं विसरले? आधीच्या टक्केवारीत कॉपीही मोजली जात होती. पटाचंही तेच. ऑक्टोबर २०११च्या राज्यव्यापी पटपडताळणीत बोटांना शाई लावून मुलं मोजली, तेव्हा पटावरची लाखो नावं बोगस निघाली.

मग बारावी आणि प्रवेश परीक्षांच्या तयारीचा लातूर पॅटर्न खोटा का, असं कोणी विचारेल. मुळीच नाही. पण दहावीला उत्तम गुण मिळवलेली मुलं बाहेरगावाहून लातूरला येतात, तेव्हा त्यांच्या यशाचा काही वाटा आधीच्या शाळेचा आणि घराचा असतो. घेण्यासारखी आहे ती सततच्या सराव चाचण्यांची आणि चुकलेलं पुन्हा समजावण्याची शिस्त. ती पाचवीच्या वर्गातही चालते. ५२ मधून २७ वजा करताना मूल ३५ लिहितं. गुणपत्रकात तिथं शून्य पडतं. वहीत मात्र दिसतं, की सातातून दोन गेले पाच, पाचातून दोन गेले तीन, असं त्यानं लहान अंक मोठ्यातून वजा केला. दशक सुटा करणं त्याला उमगलेलंच नाही. तीसपैकी अठरा मुलांनी हेच केलं असेल, तर मुख्याध्यापकांनी सगळ्या वर्गाला काड्यांचे गठ्ठे सोडून तो धडा पुन्हा द्यायला लावावा. चारच असतील तर त्यांना वेगळं बसवावं. माहितीचा उपयोग म्हणतात तो हा. माहिती भरण्यातच शिक्षकांचा वेळ जातो, ही तक्रार खरी आहे, म्हणून तर वर्गात कामी न येणारे तक्ते आधी बंद करायला हवेत.

शिक्षण विभागाच्या ‘सरल’ या संगणक प्रणालीवर मुलांची नोंद झाली की काम संपलं, हाही भ्रमच, तिथून पुढं ते सुरू होतं. आणि ‘असर’च्या आकड्यांवरून गावच्या शाळेला नापास ठरवू नये: ग्रामीण जिल्ह्यातली तीस गावं आणि प्रत्येकी वीस घरं निवडून, मुलांना घरीच तपासणारी ती पाहणी आहे.