पेट्रोलच्या डब्यापासून बॅटरीच्या पेटीपर्यंत

मोटारदुरुस्तीत भाजण्याचा आणि स्फोटाचा धोका इंधनागणिक बदलत गेला आहे. १९५०च्या दशकात कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये फियाट आणि बंगालमधल्या उत्तरपाड्यात अँबेसेडर तयार होऊ लागली. तेव्हापासून शतक संपेपर्यंत आपल्याकडच्या बहुतेक पेट्रोल गाड्या कार्ब्युरेटरवर चालल्या आणि गॅरेजातली आग म्हणजे उघड्या पेट्रोलची आग, हे समीकरण पक्के झाले.

गाडी महिनाभर उभी राहिली की कार्ब्युरेटरचा बाऊल कोरडा पडे. मग मिस्त्री एअर फिल्टर काढून बाटलीतले थोडे पेट्रोल कार्ब्युरेटरच्या तोंडात ओती आणि हेल्पर आत बसून सेल्फ मारी. टायमिंग चुकलेले असले किंवा इनलेट व्हॉल्व्ह नीट बसत नसला, तर इंजिन उलटा फटका देई. कार्ब्युरेटरच्या तोंडातून आलेला जाळ वाकून पाहणाऱ्याच्या भुवया आणि मनगट गाठे. खरी दुर्घटना त्यानंतर होई. हातातली बाटली दचकून फेकली जाई आणि पेटते पेट्रोल शेजारी पाना घेऊन उभ्या असलेल्या पोरावर पडे. हे पोर बहुधा चौदा-पंधरा वर्षांचे असे, आणि त्याच्या अंगावरचे कपडे दिवसभर ऑइल-पेट्रोल पुसून भिजलेले असत.

पेट्रोलची वाफ उणे ४० अंश सेल्सिअसच्या आसपासही पेट घेऊ शकते, म्हणजे आपल्या हवेत ते कधीच ‘थंड’ नसते. ही वाफ हवेपेक्षा तीन ते चार पट जड असते. कापलेल्या डब्यात पेट्रोल घेऊन ब्रशने सुटे भाग धुताना ती जमिनीलगत सरकत जाते आणि पलीकडे चहाच्या स्टोव्हपर्यंत पोहोचते. ज्वाळा त्याच वाटेने डब्यापर्यंत परत येते. मिस्त्री लोक ‘पेट्रोलपासून लांब विडी ओढतो’ असे सांगत, त्यात डबा किती लांब आहे एवढाच हिशेब होता.

फुटलेल्या टाकीला झाळकाम करताना झालेले स्फोट याच वाफेचे. भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी अधिक घातक असते, हे सहज पटत नाही. पेट्रोलची वाफ हवेत साधारण दीड ते साडेसात टक्के मिसळली की मिश्रण स्फोटक होते. टाकी ओतून रिकामी केली, उन्हात वाळवली, वास गेला, तरी सांध्यांत आणि गंजात राहिलेले थोडेसे पेट्रोल तेवढी वाफ सहज तयार करते. डिझेलची टाकी त्यातल्या त्यात बरी मानली जाई. पण गॅस कटरच्या उष्णतेने तिच्यातल्या उरल्यासुरल्या डिझेलचीही वाफ होते. जाणते कारागीर टाकी गरम पाण्याने आणि सोड्याने वारंवार धुऊन, झाकण उघडे ठेवून, भोकाच्या जेमतेम खालपर्यंत पाणी भरत आणि मगच ज्योत लावत. आत हवेला जागाच कमी ठेवायची, ही त्यामागची साधी युक्ती होती. ती ज्यांना उस्तादाकडून मिळाली ते वाचले.

खंडाळ्याच्या आणि कसाऱ्याच्या घाटात बोनेट उघडून उभ्या असलेल्या गाड्या हे त्या काळचे नेहमीचे दृश्य. रेडिएटरच्या झाकणाला स्प्रिंग असते. ती आतला दाब वाढू देते, त्यामुळे पाणी १०० अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण फिरवले की दाब एकदम उतरतो, त्यातल्या काही पाण्याची क्षणात वाफ होते आणि ती सोळाशे पटींहून अधिक जागा मागते. कारंजे उडते ते यामुळे. छाती, मान आणि चेहरा भाजलेले ड्रायव्हर आणि क्लीनर याच घाईचे बळी आहेत. पुढे इलेक्ट्रिक पंखे आणि कूलंट आले, घाटातली गर्दी ओसरली. कूलंटमिश्रित पाणी मात्र आणखी वरच्या तापमानाला उकळते, म्हणून आजच्या गाडीच्या झाकणाखाली साठलेले पाणी जुन्या फियाटमधल्यापेक्षा जास्त गरम असू शकते. इंजिन बंद करून अर्धा तास थांबणे, याला पर्याय निघालेला नाही.

लेड-ॲसिड बॅटरी चार्जिंगला लावली की हायड्रोजन सुटतो. हवेत चार टक्के हायड्रोजनही पेटतो. काडी ओढून बॅटरीतले पाणी बघणे, तार घासून ‘करंट आहे का’ ते पाहणे, या सवयींनी बॅटऱ्या फुटल्या आणि गंधकाम्ल डोळ्यांत गेले.

ट्रकच्या चाकाचा स्फोट आगीशिवायचा. टायर धरून ठेवणारी लॉक रिंग खोबणीत नीट न बसता शंभर पौंडांहून अधिक हवा भरली गेली, की रिंग सुटून वाटेतल्या माणसाला उडवते. अमेरिकेत १९८० साली अशा चाकांसाठी पिंजऱ्यात ठेवून हवा भरण्याचा नियम झाला. आपल्या महामार्गांवरच्या पंक्चरच्या टपऱ्यांत असा पिंजरा क्वचित दिसतो. टायर चढवलेल्या डिस्कवर वेल्डिंग करणे हा त्याचाच दुसरा, कमी माहीत असलेला प्रकार. आतले रबर तापून ज्वालाग्राही वायू सोडते आणि टायर बॉम्बसारखा फुटतो.

शतक बदलताना इंधनच बदलले. मुंबईत १९९५ साली महानगर गॅसची स्थापना झाली. दिल्लीच्या बसगाड्या सीएनजीवर आणण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये दिला. काही वर्षांतच मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सी आणि रिक्षा सीएनजीवर धावू लागल्या. पेट्रोलवर हात बसलेल्या मिस्त्रीपुढे आता २०० बारचा दाब होता, मोटारीच्या टायरमधल्या हवेच्या जवळपास शंभरपट. सीएनजी हवेपेक्षा हलका, वर छताशी जमतो. त्याच सुमारास अधिकृत झालेला ऑटो एलपीजी जड, गाडीखालच्या खड्ड्यात साठतो. एकाच गाळ्यात दोन्ही गाड्या येत असतील तर हवा वरूनही खेळती हवी आणि खालूनही. जुना अनुभव इथे उपयोगी पडत नव्हता, उलट फसवत होता. गळती शोधायला साबणाचे पाणी लागते. काडी ओढून पाहणारेही होते.

वायूच्या सिलिंडरांचे नियमन करणाऱ्या ‘पेसो’चे, म्हणजे पूर्वीच्या विस्फोटक खात्याचे, मुख्यालय नागपुरात आहे. वाहनातल्या सीएनजी टाकीची दर तीन वर्षांनी पाण्याच्या दाबाने चाचणी करावी लागते. तरी मुदत संपलेल्या टाक्या, जुनी किट इकडून काढून तिकडे बसवणे आणि व्हॅनमध्ये घरगुती सिलिंडरमधला गॅस भरणे चालूच राहिले. असा गॅस चोरून भरताना ठिणगी पडून माणसे होरपळल्याच्या बातम्या आजही येतात. याला अपघात म्हणणे चूक आहे.

पेट्रोल गाडीतही याच काळात बदल झाला. कार्ब्युरेटर गेला, इंजेक्शन आले, आणि एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झाल्यावर दुचाकीही इंजेक्शनवर आल्या. इंजेक्शनच्या पाइपात इंजिन बंद केल्यावरही दाब राहतो. जुन्या सवयीने क्लिप सैल केली की पेट्रोलचा फवारा तापलेल्या एक्झॉस्टवर जातो. आधी पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवायचे असते. एअरबॅगही सर्रास आली. स्टीअरिंग खोलण्याआधी बॅटरी सोडवून काही मिनिटे थांबले नाही, तर ती तोंडावर उघडते आणि तिच्यातला गरम वायू भाजतो.

या सगळ्या काळात उपचाराची पद्धत मात्र फार कमी सुधारली. भाजलेल्या हाताला ग्रीस, हळद, शाई, टूथपेस्ट लावण्याची रीत गॅरेजांत टिकून आहे. खरे तर भाजलेला भाग साध्या वाहत्या पाण्याखाली वीस मिनिटे धरायचा, अंगठी-कडे काढायचे, स्वच्छ कपड्याने झाकून दवाखाना गाठायचा. कपडे पेट्रोलने भिजले असतील तर आधी ते बदलायचे. पेटलेल्या पेट्रोलवर पाण्याची बादली ओतली तर आग तरंगत पसरते. तिथे वाळू, ड्राय पावडर किंवा फोम लागतो.

आता विजेची पाळी आहे. मार्च २०२२ मध्ये पुण्यात रस्त्याकडेला उभी असलेली इलेक्ट्रिक स्कूटर पेटली. त्या उन्हाळ्यात देशभर अशा घटना घडल्या आणि डिसेंबर २०२२ पासून बॅटरीचे निकष कडक झाले. इलेक्ट्रिक मोटारीत तीनशे-चारशे व्होल्टचा दाब असतो. नारिंगी आवरणाच्या केबलला हात लावण्याआधी सर्व्हिस प्लग काढून थांबावे लागते, आणि इन्सुलेशन नसलेला पाना दोन टोकांवर पडला तर निघणारी ठिणगी धातू वितळवते. लिथियम बॅटरीचा एक सेल तापून पेटला की शेजारचा पेटतो. तिला पेट्रोलसारखा वास नसतो, गळती सहसा दिसत नाही, त्यामुळे पेट्रोलच्या वासावर सावध होणाऱ्या नाकाला इथे काही कळत नाही. विझलेली बॅटरी काही तासांनी, कधी काही दिवसांनीही पुन्हा पेटते. म्हणून अपघातात मार लागलेली इलेक्ट्रिक गाडी इतर वाहनांपासून दूर, उघड्यावर ठेवायची असते. शहरातल्या दहा बाय पंधराच्या गाळ्यात आणि त्यापुढच्या फुटपाथवर तेवढी जागा नाही.