सीडी खरी, पण तिची हमी कोणाची?

जालना विधानसभा मतदारसंघात उमेदवारी अर्ज भरण्याची मुदत २७ सप्टेंबर २०१४ रोजी दुपारी तीनला संपत होती. पुढे अवघ्या २९६ मतांनी निवडून आलेले अर्जुन खोतकर यांचा अर्ज तीन वाजून गेल्यावर दाखल झाला, असा आक्षेप घेत पराभूत उमेदवार कैलास गोरंट्याल उच्च न्यायालयात गेले. मुख्य पुरावा होता निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या कॅमेऱ्यांचं चित्रीकरण. पण ते सीडीवर उतरवून मिळालेलं, म्हणजे नक्कल. आणि तेव्हाच्या पुरावा कायद्याच्या कलम ६५-ब नुसार अशा नकलेला प्रमाणपत्राची जोड लागत असे. वारंवार मागूनही सरकारी कार्यालयाने ते दिलं नाही. तरी उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २०१७ मध्ये निवडणूक रद्द केली आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोहोचलं.

एका कागदासाठी एवढा घोळ कशाला, असं कोणालाही वाटेल. संगणकीय न्यायवैद्यक म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे पुसलेल्या फायली परत आणणारा जादूगार येतो. जुन्या पद्धतीच्या हार्ड डिस्कवर ते काम पुष्कळदा जमतंही: फाइल ‘डिलीट’ केली की यादीतली तिची नोंद जाते, मजकूर मात्र त्या जागेवर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत राहतो. (नव्या एसएसडीत ही सोय बरीच कमी, तिथे मोकळी झालेली जागा यंत्र स्वतःच साफ करत असतं.) खरी जोखीम वेगळी आहे. जप्त केलेला संगणक नुसता सुरू केला तरी कितीतरी फायलींवरच्या तारखा बदलतात. म्हणून जाणकार माणूस तो सुरूच करत नाही. डिस्कवर काही लिहिलं जाणार नाही असं उपकरण मध्ये जोडून तो तिची बिट-न्-बिट प्रत काढतो, आणि मूळ व प्रत दोन्हींचा ‘हॅश’ काढतो. एसएचए-२५६ या पद्धतीने तो ६४ अक्षर-अंकांचा येतो. मजकुरातला एक स्वल्पविराम हलला तरी पार वेगळा. पुराव्याचं बळ या हिशेबात आहे: वस्तू कुठून आली, कोणाकोणाच्या हातून गेली, वाटेत बदलली का.

हॅशलाही मर्यादा आहे. जप्तीनंतर काही बदललं नाही एवढंच तो सांगतो. जप्तीपूर्वी कोणी काय घुसवलं, याबद्दल तो मुका असतो. भीमा कोरेगाव प्रकरणात एका आरोपीच्या लॅपटॉपमध्ये बाहेरून फायली घुसवल्याचा अहवाल अमेरिकेतल्या आर्सेनल कन्सल्टिंगने २०२१ मध्ये दिला, तपास यंत्रणेने तो मानला नाही. असा वाद हॅशने मिटत नाही. पण जप्तीच्या वेळची प्रत जशीच्या तशी जपलेली नसेल, तर तो तपासताही येत नाही.

प्रमाणपत्राच्या आग्रहामुळे दोषी सुटतील, हा आक्षेप जास्त वजनदार. जालन्याच्या खटल्यात १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याला उत्तर दिलं. नकलेला प्रमाणपत्र हवंच, तोंडी साक्ष त्याची जागा घेऊ शकत नाही. मात्र मूळ यंत्रच मालकाने न्यायालयात हजर करून सिद्ध केलं तर त्याची गरज नाही. संबंधित माणूस प्रमाणपत्र देत नसेल तर न्यायालयाकडे अर्ज करावा, आणि सर्व खटपट करूनही ते मिळालं नाही तर अशक्य गोष्टीची सक्ती कायदा करत नाही. खोतकर यांचं अपील फेटाळलं गेलं.

जुन्या पुरावा कायद्याच्या जागी १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ ने मात्र हे ओझं वाढवलं आहे. आता प्रमाणपत्राचे दोन भाग: एक पक्षकाराचा, दुसरा तज्ज्ञाचा, दोन्हींत हॅशची नोंद. पोलिसांना आणि कंपन्यांना हे जमेल. धमकीचे व्हॉट्सअॅप संदेश घेऊन तालुक्याच्या कोर्टात आलेल्या बाईने तज्ज्ञ कुठून आणायचा? जालन्यातली सवलत खरी गरजेची आहे ती तिला.