काचपेटीतील समुद्र आणि नायट्रेट

सुरतेच्या डिंडोली भागात खानदेशातून आलेली पुष्कळ मराठी कुटुंबे राहतात. त्याच शहरात पाल येथे महानगरपालिकेचे मत्स्यालय २०१४ साली उघडले. तेथील समुद्री मासे पाहून मुलांनी घरीही तशी पेटी मागावी, हे स्वाभाविकच होय. परंतु खाऱ्या पाण्याची पेटी म्हणजे जीवांची जबाबदारी होय, आणि तीत डोळ्यांना न दिसणारा धोका नायट्रेटचा असतो. त्याविषयी आम्ही चार शब्द सांगू इच्छितो.

उरलेले खाद्य व माशांची विष्ठा यांपासून अमोनिया निर्माण होतो. सूक्ष्म जंतू त्याचे प्रथम नायट्राइट व मग नायट्रेट करतात. प्रवाळखडकांवरील स्वच्छ समुद्रात नायट्रेट दर लिटरला एक मिलिग्रॅमहूनही कमी असते. पेटीत मात्र ते साचत जाते. मग शेवाळ माजते व प्रवाळ मलूल होतात.

पहिला उपाय हाताशीच आहे: खाद्य कमी घालावे. दोनतीन मिनिटांत संपेल इतकेच पुरे.

दुसरा उपाय पाणी बदलण्याचा. नायट्रेट ४० मिलिग्रॅम असता पाचवा हिस्सा पाणी बदलले, तर ३२ उरते. दर आठवड्यास असे पाच वेळा केल्यास, नवी भर न पडल्यास, सुमारे १३ वर येते. घाईने सारे पाणी बदलू नये. माशांना तो धक्का सोसत नाही. नव्या पाण्याची क्षारता व उष्णता जुन्यासारखीच असावी.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात ४५ मिलिग्रॅमपर्यंत नायट्रेट चालते. जे आपणांस चालते, ते प्रवाळास चालत नाही. म्हणून मीठ कालविण्यास आरओ यंत्राचे पाणी घ्यावे व तेही तपासावे. फेसाबरोबर घाण काढणारे यंत्र आणि वेगळ्या कप्प्यात वाढविलेले हिरवे समुद्रशेवाळ यांचेही साहाय्य होते. ते शेवाळ वेळोवेळी कापून बाहेर टाकावे. त्यासवे नायट्रेटही जाते. तथापि ते अगदी शून्यावर आणू नये. थोडे पोषण प्रवाळासही लागते.

शेवटी कायद्याविषयी. कठीण प्रवाळांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण २००१ पासून आहे. कच्छच्या आखातातून कोणी असा तुकडा आणून दिल्यास तो घरात घेऊ नये.

पेटी घेण्यापूर्वी आईवडिलांनी मुलांस एवढे अवश्य विचारावे: पहिल्या महिन्याचे कौतुक ओसरल्यावर दर आठवड्यास पाणी कोण बदलणार? उत्तर मिळेपर्यंत मासे समुद्रातच सुखी आहेत.