मुरकीचा जमाव आणि पोलिसांचे बळ

पोलिसाच्या हातातील लाठी आपल्याकडे दोनच प्रसंगी चर्चेचा विषय होते: ती अकारण चालली तर, आणि चालावयास हवी तेव्हा चालली नाही तर. महाराष्ट्राच्या सीमेला लागलेल्या बिदर जिल्ह्यातील मुरकी या गावी १३ जुलै २०१८ रोजी जे घडले ते दुसऱ्या प्रकारात जमा झाले आणि लवकरच विसरलेही गेले. आमच्या मते ते विसरण्याजोगे नाही.

हैदराबादकडची काही तरुण मंडळी मोटारीने हंदीकेरा गावाजवळ थांबली होती. त्यांच्यातील एकाने शाळकरी मुलांना चॉकलेटे दिली. मुले पळविणाऱ्या टोळ्यांची हूल त्या वेळी व्हॉट्सअ‍ॅपवरून देशभर फिरत होती. बाराच दिवसांपूर्वी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना लोकांनी ठार मारले होते. हंदीकेऱ्याहून निघालेली मोटार मुरकीत अडविली गेली, उलटली, आणि शेकडोंचा जमाव तिच्यावर तुटून पडला. खबर मिळताच पोलीस पोहोचले. त्यांनी जखमींना सोडविण्याची शिकस्त केली, स्वतः मार खाल्ला. तरीही एक तरुण अभियंता जिवानिशी गेला.

त्या शिपायांचे धैर्य उणे लेखण्याचा आमचा हेतू नाही. आम्ही विचारतो ते इतकेच की, अशा क्षणी कायद्याने त्यांच्या हाती नेमके काय दिले होते आणि ते त्यांना कोणी समजावून दिले होते काय?

जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे १२९ वे कलम, जे जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे १४८ वे झाले, जमावाला पांगण्याचा हुकूम देण्याचा अधिकार कार्यकारी दंडाधिकाऱ्याला, ठाणे अंमलदाराला, आणि तो नसल्यास निदान उपनिरीक्षकाच्या दर्जाच्या अधिकाऱ्याला देते. हुकूम मानला नाही तर बळ वापरता येते. किती वापरावे, याविषयी कलम मूक आहे! कमीत कमी बळ वापरावे, कमीत कमी इजा करावी ही अट संहितेत आहे खरी, पण ती पुढच्या कलमात, पाचारण केलेल्या लष्करी अधिकाऱ्याला घातलेली. सैनिकाला जे कायद्याने बजावले ते पोलिसाच्या बाबतीत त्याच्या नियमपुस्तकावर सोपविले. २०२३ साली संहिता नव्याने लिहिताना ही उणीव भरून काढता आली असती. ती तशीच ठेवली गेली. शिपायाची पंचाईत तर याहून मोठी. जमावासमोर पुष्कळदा तोच प्रथम उभा राहतो, आणि पांगण्याचा हुकूम देण्याचा अधिकार मात्र त्याला नाही. दुसऱ्याचा जीव वाचविण्यासाठी आवश्यक तेवढे बळ वापरण्याचा जो हक्क कोणाही नागरिकाला आहे तो त्यालाही आहे. पण हा हक्क कोठून सुरू होतो आणि कोठे संपतो, हे गर्दीत सापडल्यावर शिकता येत नाही.

मुरकीनंतर चारच दिवसांनी तहसीन पूनावाला खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जिल्ह्याजिल्ह्यात यासाठी वरिष्ठ अधिकारी नेमण्यास सांगितले आणि असा जमाव पांगविणे हे प्रत्येक पोलीस अधिकाऱ्याचे कर्तव्य ठरविले. पुढे १६ एप्रिल २०२० च्या रात्री पालघर या किनारी जिल्ह्यात, गडचिंचले येथे, दोन साधू आणि त्यांचा वाहनचालक पोलिसांच्या डोळ्यांदेखत मारले गेले. आमच्या वाचकांचे रक्त तेव्हा उसळले, आणि ते योग्यच होते. मुरकीचा मृत मुसलमान, राईनपाड्याचे भटके भिक्षेकरी, गडचिंचल्याचे साधू. मारणाऱ्यांच्या कानी पडलेली अफवा बहुतांशी एकच.

'सरळ गोळ्या घालाव्यात' म्हणणाऱ्यांना आम्ही तुतिकोरिनची आठवण देऊ. तेथे मे २०१८ मध्ये गोळीबारात तेरा माणसे गेली, आणि पळणाऱ्यांवरही गोळ्या झाडल्या गेल्याचे चौकशी आयोगाला आढळले. बळ कसे वापरावे याची घडी बसलेली नसेल तर तेच दल एके ठिकाणी अतिरेक करते आणि दुसरीकडे हतबल होते.

सीमाभागात तर आणखी एक अडचण. सप्टेंबर २०२२ मध्ये गांजाच्या तपासासाठी कलबुर्गी जिल्ह्यातून उमरगा तालुक्यात आलेल्या पथकावर जमावाने हल्ला केला आणि एक निरीक्षक मरणाच्या दारी पोहोचले. परक्या राज्यात शिरण्यापूर्वी तेथील ठाण्याची कुमक सोबत घेणे ही शिष्टाचाराची बाब नाही, ती बळाच्या मोजमापाचाच भाग आहे. पुरेशी माणसे असली की शस्त्राची गरज घटते.

या दोन्ही जिल्ह्यांनी रझाकारांचा जाच सोसला आहे, आणि १९४८ च्या 'पोलीस अ‍ॅक्शन'नंतर निरपराध मुसलमानांवर सूड उगवणारे जमावही पाहिले आहेत. जमाव म्हणजे काय हे तेथे कोणी कोणाला सांगावयास नको. कलबुर्गीजवळ नागनहळ्ळीला पोलीस प्रशिक्षण महाविद्यालय आहे. तेथे मुरकीचा प्रसंग जसाच्या तसा उभा करून शिपायांकडून करवून घ्यावा: मोजकी माणसे, उलटलेली मोटार, चढत चाललेली गर्दी, इशारा कन्नडात, मराठीत, उर्दूत कसा द्यावा, अश्रुधूर केव्हा, लाठी कोठे मारावी आणि कोठे मारू नये, गोळी कोणाच्या हुकमाने, नंतर जखमीला दवाखान्यात कोणी न्यावे आणि अहवाल कोणी लिहावा. संयुक्त राष्ट्रांच्या १९९० च्या हवाना तत्त्वांत यातील बहुतेक गोष्टी लिहिलेल्या आहेत. त्या कन्नड आणि मराठी भाषांत छापून बिदर, लातूर, कलबुर्गी आणि धाराशिवच्या प्रत्येक ठाण्यात पोहोचविण्यास दोन्ही राज्यांच्या गृहखात्यांना फारसा खर्च येणार नाही.